दोर कुणी धरायचा

उंबरदरा, केंदूरजवळ, ता. शिरूर
११ मार्च १९७३

तीर्थरूप आप्पा आणि काकी यांस,
ललिताचा सविनय जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. काकीनं बांधून दिलेली कारळ्याची चटणी मात्र गेल्या रविवारीच संपली. इथं रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळते. तिची भाकरी थापताना मोडते आणि खाताना काही केल्या मोडत नाही. हे काकीला सांगू नका, नाहीतर ती डोक्यावर पाटी घेऊन चालत निघेल.

शाळा एका खोलीची, इयत्ता चार, मुलं एकसष्ट आणि बाई एक. दुपारनंतर निम्मी मुलं आयांच्या मागं दुष्काळी कामावर जातात, कारण तिथं खायला सुकडी मिळते. मी कुणाला अडवत नाही. माझ्याजवळ सुकडी नाही, नुसते पाढे आहेत.

आप्पा, मी एक खूळ काढलं आहे. शनिवारची सकाळची शाळा सवालांची. त्या दिवशी पुस्तकं मिटायची, मुलांनी काय वाटेल ते विचारायचं, आणि मला उत्तर आलं नाही तर आलं नाही म्हणून कबूल करायचं. पहिल्या शनिवारी कुणी तोंड उघडलं नाही. आता आवरता आवरत नाहीत. पुस्तकातली नदी बारमाही वाहते, मग आपला ओढा का वाहत नाही, असं एकानं विचारलं. डोंगरावर आजोबांच्या वेळी झाडं होती, ती कुणी नेली आणि कुणाला विचारून नेली, असं दुसऱ्यानं. एक मुलगी म्हणाली, शिकून शेवटी खडीच फोडायची असेल तर खडी आत्ताच फोडलेली काय वाईट. आलं नाही असं म्हणून मी हात वर केले, तर पोरं टाळ्या पिटून हसली.

काल झुंबरनं विचारलं. झुंबर म्हणजे आमच्या शाळासमितीचे अध्यक्ष हौसराव यांची मुलगी, तिसरीत आहे, फार चुणचुणीत. ती म्हणाली, ओढ्यावर पाण्याला गेलेली गुरं तिथंच मरून पडतात आणि खाली पात्रात उकरलेल्या झिऱ्याचं पाणी आपण शाळेत पितो, तर ती मेलेली गुरं उचलायची कुणी. तिच्या मनात काही नव्हतं. पण तिचं बोलणं संपायच्या आत साऱ्या वर्गाच्या माना वळल्या, भिंतीकडेला बसणाऱ्या आपल्या वस्तीतल्या सात मुलांकडं. मग त्याच माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. आठ-नऊ वर्षांची लेकरं हो ही! हे त्यांना कुणी शिकवलं असेल? कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात हा धडा नाही.

पुढच्या शनिवारी सांगते म्हणून मी वेळ मारून नेली. काय सांगू ते कळवा. ह्यातला तुमच्याइतका जाणता माणूस मला दुसरा माहीत नाही.

सगळं आटत चाललंय, तुमचा लोभ तेवढा आटू देऊ नका.

तुमची
ललिता


दौंड
१५ मार्च १९७३

चि. ललितास,
म्हाळूआप्पाचा जयभीम आन् आशीर्वाद. काकीचा आशीर्वाद येगळा, तो ती सोता दील.

तुझं पत्र पोचलं. अक्षर लई बारीक काढतीस. मला साक्षर करायची हौस तुलाच व्हती, आता जरा मोठं लिवायची तसदी घे. चटणीचं काकीला कळलंच, तिच्यापास्नं काय लपतंय? गार्डाच्या हाती डबा धाडते म्हणून बसलीया. केंदूरला रेल्वे जात न्हाई हे तीनदा सांगून झालं. ती म्हणती, मग तुमी एवढी वर्सं रूळ ठोकून केलं काय.

आता सवालाचं. दीक्षा घेऊन आलो त्याच्या फुडल्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या चावडीपुढं अकरा घरांनी सांगितलं, आजपास्नं मेलेलं ढोर वढणार न्हाई. पुढं व्हऊन बोलणारा म्या व्हतो. दुसऱ्या दिशी गिरणीनं दळण बंद केलं, दुकानानं मीठ बंद केलं. मारहाणीत माझा हात मोडला. आजबी ढग आलं का मनगट ठणकतं. यंदा ढगच न्हाईत, तेवढं सुख हाय. पण कुणी मागं फिरलं न्हाई. गाव सोडावं लागलं तवा सोडलं, गँगमनची नोकरी धरली, पण ढोर वढायच्या त्या दोराला ह्या घरातल्या कुणी परत हात लावला न्हाई.

तवा पोरांना नीट सांग. ज्यानं जनावराचं दूध खाल्लं, ज्यानं त्याला औताला जुपलं, त्यानं ते उचलायचं. ह्यात आवघड काय हाय? आन् सांगताना मान खाली घालू नको. उन्हाचं डोकं झाकून फिर.

माया हाये तशीच हाय, तिची काळजी नको.

तुझा
आप्पा


उंबरदरा
२२ मार्च १९७३

ती. आप्पा आणि काकी यांस,
स. जयभीम. वि. वि.

अक्षर मोठं काढलं आहे, बघा.

तुमचं उत्तर मी शनिवारी वर्गात जसंच्या तसं सांगितलं आणि मान वर ठेवून सांगितलं. झुंबरनं ते घरी जाऊन बापाला ऐकवलं. आणि मंगळवारी हौसरावांचाच पवळ्या बैल ओढ्यात पाण्याला उतरला आणि झिऱ्याच्या वरच्या अंगाला दहा पावलांवर बसला तो उठलाच नाही. आज तीन दिवस झाले. कातडी न्यायला शिक्रापूरकडून एक माणूस यायचा, तो यंदा फिरकत नाही. गिधाडांनासुद्धा यंदा निवड करता येते. शाळेत वारा आला की मुलं नाकाला पाटी लावतात.

हौसराव काल शाळेत आले. आवाज चढवला नाही. बाई तुम्ही शिकलेल्या, सरकारी माणूस, तुमच्या वस्तीला दोन शब्द समजावा, असं म्हणाले. पोरांच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर आम्हांला वर लिहावं लागेल, असंही जाताजाता म्हणाले. बैल त्यांचा, ओढा गावाचा, आणि समजवायचं मी आणि माझ्या वस्तीला!

वस्तीतले बाप्ये नाही म्हणाले. बरोबरच म्हणाले. त्यांनीही सोळा वर्षं तुमच्यासारखीच काढली आहेत. पण आप्पा, हौसरावांच्या भावकीला मळ्यातल्या विहिरी आहेत, त्यांना अजून पोहरा बुडेल इतकं पाणी आहे. वस्तीला तो एकच झिरा. वरच्या अंगाला नवा उकरावा तर तिथं हौसरावांचं रान लागतं, ते उकरू देत नाहीत. वस्तीतल्या धुरपदाबाईची धाकटी लेक कालपासून ओकते आहे. मी रात्री तिला मीठसाखरेचं पाणी पाजत बसले, आणि आपण कुणाला धडा शिकवतोय तेच मला कळेना.

म्हणून विचारते. मी एकटीनं दोर धरला तर? जातीनं सांगितलं म्हणून नाही, शाळेची बाई म्हणून. एकाच कामाला हात लावला तर दोन्ही वेळा ते काम सारखंच असतं का? शनिवारपर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहते. रागावू नका. रागावलात तरी उत्तर द्या.

आईबापांमागं तुमच्या मायेवर वाढलेली,
ललिता


(कार्ड)

दौंड
२४ मार्च

ललिता,

पत्र आज मिळालं. दोर धरायचा न्हाई. शाळेची बाई म्हणून न्हाई आन् कशी म्हणूनबी न्हाई. धरलास तर दौंडाचं घर तुला बंद. दुसऱ्यांदा लिवणार न्हाई.

जयभीम.
म्हाळू


उंबरदरा
२८ मार्च १९७३

ती. आप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड आज सकाळी आलं. मी दोर शनिवारी धरला. टपालाला दोष देत नाही. कार्ड वेळेवर आलं असतं तरी मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही, आणि तुमच्याशी खोटं बोलायचं नाही.

जे झालं ते सगळं लिहिते. शनिवारी सवालांची शाळा मी पारावर नेली. मी कुणाला काही पढवलं नव्हतं, काकीची शपथ. झुंबरनं सगळ्या गावासमोर बापाला विचारलं की पवळ्या आपला होता की बाईंच्या वस्तीचा. हौसरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. तिच्या अंगावर धावून जायला ते उठले तोच त्यांची आई तुळजाबाई मध्ये आली. सत्तरीची म्हातारी, काठीशिवाय चालता येत नाही. ती मुलाला म्हणाली की पोळ्याला ह्याच बैलाचे पाय मी धुतले, ह्याला ओवाळलं, माझ्या हातानं पोळीचा घास भरवला, तेव्हा मी बाटले नाही, मग आज कशी बाटेन. आणि पदर खोचून ओढ्याकडं निघाली. हौसराव काय करतील? आईच्या मागं गेले. त्यांच्या मागं भावकीतले दोघं.

चौघांनी दोर धरला, पण बैल हलेना. म्हातारी काठी टाकून दोर ओढत होती. मला बघवलं नाही हो. मी गेले आणि दोर धरला. मग भसाभस सगळे आले. वरच्या माळावर खड्डा घेतला, शाळा रंगवायला आणलेला चुना त्यात ओतला. शाळा आता ह्या वर्षी रंगवायची नाही. धुरपदाबाईच्या लेकीला उतार पडला आहे.

वस्तीतले बाप्ये काठावर उभे होते. त्यांनी दोराला हात लावला नाही. ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. त्या वेळी मला राग आला होता. आज तुमचं कार्ड वाचलं आणि मला त्यांचे डोळे आठवताहेत.

मे महिन्याच्या सुटीत मी घरी येऊ की नको, तेवढं कळवा. काकीला माझा नमस्कार सांगा, सांगण्याइतकं मन असेल तर.

ललिता


दौंड
२ एप्रिल १९७३

चि. ललितास,
अनसाबाईचा आशीर्वाद.

हे पत्र काकी सांगतीया आन् म्या लिवतोय. घरात दुसरं लिवणारं कुणी न्हाई, म्हणून. माझं ह्यात काय न्हाई.

ती म्हणती, तुझं पत्र आल्यापास्नं ह्या माणसानं घरात धड एक शबूद काढला न्हाई. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत बसतो. लाईनीवरनं आला का खुंटीवर टोपी टाकून भिताडाकडं तोंड करून निजतो. (हे खोटं हाय. म्या जेवतो.) ती म्हणती, खोटं हाय असं लिवलंस व्हय, लिव का मी म्हणते खरं हाय.

ती म्हणती, घर बंद करणारा हा कोण? घर सारवती मी, दाराची कडी घालती मी. तू खुशाल ये. कैरीचं लोणचं घालायचं तुझ्यासाठी थांबवलंय.

ती म्हणती, म्हातारीनं केलं ते लई मोठं केलं. (ह्ये म्या लिवलं, पण कबूल न्हाई. सोळा वर्सांनी एक म्हातारी उठली म्हंजी काय झालं?)

ती म्हणती, ह्याला एक इचारायचंय आन् ह्याचं त्वांड उघडत न्हाई, म्हणून मीच इचारते. (म्या इचारत न्हाई, ती इचारती.) पवळ्या वढताना दोरावर कोण कुठं व्हतं? लांबच्या टोकाला कोण आन् ढोराजवळ कोण? आमच्या टायमाला ढोराजवळचं टोक कायम आमच्याच माणसाच्या हातात आसायचं. तिथं वास, तिथं रगत, तिथं आळ्या. तू कुठं व्हतीस?

एवढंच तिनं सांगितलं. खाली तिचा अंगठा हाय.

अनसाबाई


उंबरदरा
८ एप्रिल १९७३

ती. आप्पा आणि काकी यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काकी, तुझ्या अंगठ्याला मी तीनदा हात लावला. आणि कंसातलं सगळं मी आधी वाचलं.

तुम्ही विचारलंत ते मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. पत्र हातात घेऊन मी ओढ्यावर गेले आणि तिथं उभी राहून आठवलं. लांबच्या टोकाला तुळजाबाई होती, मग हौसराव, मग भावकीतले दोघं. ढोराजवळ मी. आप्पा, मला तिथं कुणी उभं केलं नाही. मधे दोर धरण्याइतकी जागा होती. मी आपण होऊन पार शेवटी गेले, वाकले आणि तिथंच धरला. मागून आलेल्यांपैकी एकालाही वाटलं नाही की बाई, तुम्ही इकडं या. मलाच काही वाटलं नाही तर त्यांना काय वाटावं? माझं शिक्षण, माझं सर्टिफिकेट, सगळं त्या दहा पावलांत कुठं गेलं? वर्गातल्या पोरांच्या माना वळल्या म्हणून मी तुमच्याकडं रडगाणं गायले. माझे पाय वळले ते मला कळलंही नाही. मला माझी लाज वाटते.

आणि तुम्ही ज्याला भ्यालात तेच झालं. काल कोंडिबाची गाय ओढ्यात मेली. कोंडिबा हौसरावांचाच भाऊबंद, पवळ्याच्या दोराला होता त्यांतला एक. त्यानं सकाळी वस्तीत निरोप धाडला की आता तुमच्या बाईंनी सुरुवात करून दिली आहे, तर चला दोर घेऊन, सोळा वर्षांचं भांडण मिटलं. मिटलं म्हणे! बाप्ये माझ्या खोलीपुढं येऊन बसले. कुणी मला वाईट बोललं नाही. एकानं एवढंच विचारलं की बाई, आता आम्ही काय सांगायचं. मला उत्तर आलं नाही आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

गाय पडून आहे. झिरा तोच आहे. आप्पा, तुम्ही बरोबर होता. मला मारा, पण काय करू ते सांगा. ह्या लोकांना तोंड द्यायला मी एकटी पुरी पडत नाही.

माया राहिली असेल तर लगेच लिहा.

ललिता


दौंड
१२ एप्रिल १९७३

चि. ललितास,
तुझ्या आप्पाचा जयभीम आन् अनेक आशीर्वाद.

हे पत्र म्याच सांगतोय आन् म्याच लिवतोय. काकीला वाचून दावणार न्हाई.

पयलं ह्ये. रडू नको. ढोराजवळ उभी राहिलीस त्यात तुझा गुन्हा न्हाई. आमी किती पिढ्या तिथं उभं व्हतो, तुझ्या पायाला ती जागा ठाऊक आसणारच. तुला कळलं ना? मग झालं. लई जणांना मरस्तवर कळत न्हाई.

दुसरं. कोंडिबाच्या गाईचा दोर धरू नको, वस्तीलाबी धरू दिऊ नको. पवळ्याचा दोर तू आपल्या मनानं धरलास. हा दुसरा ते तुझ्या हातात देत्यात. दोन्ही येगळं हाय. तू इचारलं व्हतंस ना, एकच काम दोन्ही येळंला सारखंच आसतं का? न्हाई आसत. ह्ये तवाच लिवायला पायजे व्हतं. म्या कार्डावर घर बंद करून मोकळा झालो.

आता तिसरं. ते लिवायला मला चार दिस लागलं आसतं, पण तेवढी सवड न्हाई.

तुझी आई तापानं गेली आसं आमी तुला सांगितलं. तसं न्हाई. आमी चावडीपुढं बोलल्यावर दीड महिन्यानं आमच्या पाणवठ्यावर पाटलाची म्हस मरून पडली. गाव म्हणलं वढा. म्या म्हणलो न्हाई. नऊ दिस पडली व्हती. दुसरीकडं पाणी भरू दीत नव्हते. तुझा बाप आधीच गेलेला. तुझ्या आईनं मला इचारलं, भावजी, पोरीपुरतं तरी बघा की कायतरी. म्या म्हणलो, वयनी, आज वाकलो तर हीच पोर उद्या दोर धरंल. तिनं मान हलवली आन् तुला ते पाणी न पाजता शेळीच्या दुधावर ठेवलं. सोता मात्र तेच पाणी प्याली. हगवण लागली. दोन दिसांत गेली. तू सहा वर्सांची व्हतीस, तिच्या पदराला धरून बसली व्हतीस. काकीनं तुझी मूठ सोडवली.

दहाव्या दिशी गावानं म्हस वढली. लोक म्हंत्यात, म्हाळूनं गाव वाकवलं. व्हय, वाकवलं. पण त्यासाठी म्या काय दिलं ते कुणाला ठाऊक न्हाई, आन् ते माझं न्हाई, तुझं व्हतं. आजबी मला वाटतं, दोर धरायचा नव्हताच. आन् आजबी वाटतं, धरला आसता तर ती जगली आसती. ललिते, म्या सोळा वर्सं ह्ये दोन्ही घेऊन रुळावर चालतोय. तू धुरपदाच्या पोरीचं लिवलंस तवा तुझी आई डोळ्याफुडं आली आन् म्हणूनच तसलं कार्ड लिवलं. म्या तुझ्यावर रागावलो नव्हतो. भ्यालो व्हतो. तुझ्याफुडं मला तोंड न्हाई, पण आता तुझ्यापास्नं लपवायचंबी न्हाई.

परवा जयंती हाय, ती हितं करतो आन् सोमवारी निघतो. रजा मांडलीया. न्हावऱ्यावरनं शिरूर, शिक्रापूर, मंगळवारी सांजच्या आत तुझ्यापाशी. आल्या आल्या कोंडिबाच्या दारात जातो. ढोराजवळ तो आन् लांबच्या टोकाला म्या, आसं म्हणला तर दोर धरतो. व्हय, म्या धरतो. न्हाई म्हणला तर हौसरावाच्या रानाच्या बांधाशी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, आपण समदे मिळून नवा झिरा उकरू. कोण आडवायला येतंय ते बघू. उकरायच्या आधी तुळजाबाईला भेटीन म्हणतो.

तुझ्या आईला जे सांगायला पायजे व्हतं आन् मला तवा ठाऊक नव्हतं, ते तुला सांगतो. म्या येस्तवर पाणी उकळून पी.

तुझा
आप्पा